राजांगणात माशांचं तळं आणि बघायला काच: चिऱ्याच्या भिंतीत बसेल का?

माडाची_सावली (फोंडा):
नमस्कार. आमचं घर जुनं, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं). राजांगणावर, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या चौकावर, चार वर्षांपूर्वी पारदर्शक पत्रा घातला, त्यामुळे आता पाऊस आत येत नाही, उजेड मात्र भरपूर येतो. तिथे जमिनीवरच ८ फूट लांब, ५ फूट रुंद तळं बांधायचं आहे, पाणी साडेतीन फूट. एका बाजूला ४ फूट बाय २ फुटांची काच, तिची वरची कड पाण्याच्या ४ इंच खाली.

काच हवी ती आईसाठी. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती चाकाच्या खुर्चीत असते, वाकून पाण्यात बघता येत नाही. लहानपणी ती तासन्‌तास बांयच्या (विहिरीच्या) कठड्यावर ओणवी होऊन मासे बघायची. गवंडी म्हणतो, चिऱ्याची भिंत बांधून आतून गिलावा करू, काच बाहेरून सिलिकॉनने चिकटवू. मनाला पटत नाही. कुणी केलं आहे का?

जुना_चिरा (डिचोली):
ताई, गवंड्याला थांबवा. मी नेमकं हेच केलं होतं. तिसऱ्या महिन्यात काचेच्या खालच्या कोपऱ्यात बोट लावलं तर ओलं लागलं. पुसलं, परत ओलं. आठवड्याभरात शेजारच्या चिऱ्याला पांढरी खार फुटली. चिरा सच्छिद्र, एकदा पाणी प्यायला लागला की ते कुठून निघेल सांगता येत नाही. सगळं तळं उपसून भिंत पाडली.

आधी दाबाचं बघा. काचेवरचा दाब पाण्याच्या खोलीवर ठरतो, तळं किती लांब आहे त्यावर नाही. तुमची काच १० सें.मी. ते ७० सें.मी. खोलीत येते. मधली खोली ४०, म्हणजे चौरस मीटरला ४०० किलो. काच ०.७२ चौरस मीटर. एकूण २८८ किलो, रात्रंदिवस, एका क्षणाची उसंत नाही. काच बाहेरून चिकटवली तर हे सगळं ओझं सिलिकॉन ओढून धरणार. तीच काच आतल्या बाजूने खाचेत बसवली तर पाणीच तिला काँक्रीटवर दाबून ठेवतं. माझं दुसरं तळं असं आहे, पाच पावसाळे झाले, थेंब नाही.

म्हणून तळ आणि चारही भिंती सळ्या घालून काँक्रीटच्या, एकसंध. चिरा हवाच तर बाहेरून शोभेला लावा. काचेसाठी चौकटीला सगळीकडून दोन इंचांची खाच ठेवा. काच नुसती टफन्ड (तापवून कडक केलेली) नको, ती फुटली की एका क्षणात चुरा होऊन सगळं पाणी घरात येतं. लॅमिनेटेड घ्या, म्हणजे मध्ये थर घालून चिकटवलेल्या दोन काचा, मी १०+१० मि.मी. घातली. तिच्या कडा मात्र पूर्ण सील करा, मधल्या थरात पाणी शिरलं की तो पांढरट पडतो. जाडी आणि सळ्या इंजिनिअरकडून तपासून घ्या, एकूण पाणीच ४ टन आहे.

सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास आला तर परत करा. त्यातलं आम्ल सिमेंटशी भांडतं आणि पकड सुटते, माझं तसंच सुटलं होतं. आम्ल न सोडणारं न्यूट्रल घ्या, काँक्रीटला आधी प्रायमर. जाड थर आतपर्यंत वाळायला वेळ लागतो, दहा दिवस हात लावू नका. मग एक तृतीयांश भरा, दोन दिवस बघा, पुढचं नंतर.

शेवाळ (पेडणे):
काकांनी बांधकामाचं सांगितलं, मी पाण्याचं सांगते. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली त्याचं माप) ९ च्या वर जातो आणि मासे मरतात. आतून पाण्याच्या टाकीला चालणारा इपॉक्सीचा लेप लावा, तो पूर्ण वाळल्यावर तळं दोन-तीनदा भरून रिकामं करा. एकदम सगळे मासे सोडू नका. अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला चार-सहा आठवडे लागतात. पावसात वीज जाते, तेव्हा हवेचा पंप इन्व्हर्टरवर हवाच.

कोई घेऊ नका, ते दोन फुटांच्या वर वाढतात, ४,००० लिटर त्यांना कमी. गोल्डफिश ठेवा, किंवा आपलं कालुंदर. गोड्या पाण्यात छान रुळतं, शेवाळही खातं. केरळने त्याला राज्यमासा केलं आहे, आपण नुसतं तव्यावर टाकतो!

दिवा पाण्यावर, काचेच्या जवळ लावा आणि बसायची बाजू थोडी अंधारी ठेवा, नाहीतर आईंना काचेत स्वतःचाच चेहरा दिसेल. आणि पाण्यातून सगळं जवळ भासतं. पाच फुटांवरची मागची भिंत पावणेचारावर वाटेल, मासे अगदी मांडीवर आल्यासारखे.

माडाची_सावली (फोंडा):
दोघांचे मनापासून आभार. गवंड्याला सांगितलं, इंजिनिअर शनिवारी येतोय.

काल आईला खुर्चीत बसवून तिच्या डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर खडूने रेघ मारली. जमिनीपासून ४१ इंच. माझ्या मापाने काचेची वरची कड ३८ वरच संपत होती, तिला वाकावंच लागलं असतं. आता तळंच वीतभर उंच चौथऱ्यावर घेते. काका, खोली तीच राहते, म्हणजे काचेवर २८८ किलोच ना?

जुना_चिरा (डिचोली):
तेवढेच. चौथरा भरीव करा.