मदत हवी आहे: पायाचं फ्रॅक्चर भरून येत नाहीये

पायाच्या करंगळीमागचं लांब हाड मोडलंय, जोन्स फ्रॅक्चर म्हणतात त्याला, आता ११ आठवडे होत आले तरी एक्स-रेत फट दिसतेच आहे. तिथे रक्तपुरवठा कमी असतो म्हणून वेळ लागतो हे समजलं, पण पुढे काय करायचं तेच कळेना. एक डॉक्टर म्हणतात बूट घालून हळूहळू वजन टाका, दुसरे म्हणतात पाय अजिबात टेकवू नका, स्क्रू घालूनच घ्या! रात्री ठणका लागला की वाटतं चालले तेच चुकलं. कोणाचं असं उशिरा जुळलंय का, ऑपरेशनशिवाय? आणि निर्णयाआधी सीटी स्कॅन केलेला का? प्लीज सांगा, खूप घाबरलेय.