‘दुष्परिणाम’ की ‘प्रतिकूल घटना’?

सदाशिव पेठेतल्या मावशीने काल एक मजकूर पाठवला : ‘लशीचे हजारो दुष्परिणाम, सरकारी नोंदीच सांगतात’. खाली अमेरिकेच्या ‘व्हेअर्स’ या, लस घेतल्यानंतरच्या तक्रारींच्या सरकारी नोंदवहीचा तक्ता. तक्त्यातला मूळ शब्द ‘ॲडव्हर्स इव्हेंट’. त्याला ‘दुष्परिणाम’ म्हणावं का?

माझ्या मते मुळीच नाही. ‘परिणाम’ म्हटलं की कारण ठरूनच जातं. ‘घटना’ नुसती घडते. १९९० पासून चालू असलेल्या व्हेअर्समध्ये डॉक्टर, रुग्ण, नातेवाईक, कोणीही नोंद करू शकतं. लस कारणीभूत आहे याची खात्री नसली तरी कळवा, असंच तिथे सांगतात. मावशी डोस घेतल्यावर चौथ्या दिवशी जिन्यात घसरली, मनगट मोडलं. तेही तिथे नोंदवता आलं असतं.

मग अशा नोंदींचा उपयोग काय? फार मोठा आहे. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेने ‘जॉन्सन अँड जॉन्सन’ची कोविडवरची लस काही दिवस थांबवली, तेव्हा ६८ लाखांहून जास्त डोस देऊन झाले होते आणि हाताशी नोंदी होत्या फक्त ६. पण सहाही जणींच्या मेंदूतल्या शिरेत गुठळी, आणि त्यासोबत प्लेटलेट कमी. असा मेळ एरवी क्वचितच दिसतो, म्हणून सहाच नोंदी पुरल्या. आपल्या हडपसरला बनलेली कोव्हिशील्डही त्याच प्रकारची, आणि तिचाही हा दुर्मीळ धोका खरा आहे. तिथे ‘दुष्परिणाम’ हा शब्द बेलाशक वापरावा. दंड दुखला, ताप आला, तिथेही.

आपल्याकडे लसीकरण केंद्रावरच्या सिस्टर ‘एईएफआय’ (‘ॲडव्हर्स इव्हेंट फॉलोइंग इम्युनायझेशन’) म्हणतात. मी त्याचं ‘लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना’ करेन. यातला ‘नंतर’ कुणी गाळू नये. गंभीर घटना असेल तर समिती तपासते : लशीतल्या घटकामुळे झालं, लशीच्या दर्जात खोट होती, देताना चूक झाली, सुईची धास्ती घेतली, की कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली?

मग ‘लस बाधली’ चालेल का, असं कुणी विचारेल. शब्द घरचा आहे, गोड आहे, पण दही बाधलं म्हणताना आपण दह्यालाच दोष देतो. त्यापेक्षा ‘लस घेतल्यावर ताप आला’ म्हणावं. ‘वर’ फक्त क्रम सांगतो. ‘मुळे’ म्हणायचं ते तपासणी झाल्यावर. मावशीला मी मजकूर असा बदलून पाठवला : ‘लस घेतल्यानंतरच्या हजारो घटना लोकांनी कळवल्या; त्यांचं कारण अजून ठरलेलं नाही.’ तिने तो पुढे पाठवला आहे.