परतायला जागा असणं

काहीजण म्हणतात की मायभूमीची ओढ ही निव्वळ सवय, मन मोठं केलं की सगळं जगच घर वाटतं. मला नाही पटलं. ‘मी विश्वाचा नागरिक’ म्हणणारा पहिला माणूस म्हणून प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ डायोजेनिसचं नाव घेतात. पण तो सिनोपे या आपल्या गावाहून परागंदा झालेला होता, हे फारसं कुणी सांगत नाही. गाव सुटल्यावर सुचलेलं तत्त्वज्ञान आहे ते! (तेवढ्याने ते खोटं ठरत नाही, हेही खरं.)

त्याहून बोलकं उदाहरण श्टेफान त्स्वाइगचं. युरोपभर मित्र, सरहद्दी न मानणारा ऑस्ट्रियन लेखक. १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि त्याचा पासपोर्ट कवडीमोल झाला. आयुष्यभर विश्वनागरिकत्वाची स्वप्नं पाहिलेल्या या माणसाला तेव्हा आपण स्वतःचेही पुरते उरलो नाही असं वाटू लागलं. ब्राझीलने त्याला सामावून घेतलं, तरी १९४२ मध्ये तिथेच त्याने आयुष्य संपवलं. कारणं अर्थात एकाहून अधिक असणार.

कुठेही रुळता येणं वेगळं, परतायला जागाच नसणं वेगळं. ‘सगळं जगच घर’ म्हणताना या दोन्हींची गल्लत होतेय असं वाटतं. परतीचं तिकीट खिशात असलेल्यांना पहिल्या गोष्टीचंच कौतुक असतं, आणि त्यात मीही आलोच.