बॅटिंग ऑर्डर आकड्यांवरून कशी लावायची?

प्रश्न: आमच्या बेसबॉल टीमची बॅटिंग ऑर्डर मीच लावतो, ९ जणांच्या ३,६२,८८० ऑर्डर होतात, सगळ्या सिम्युलेशनमध्ये चालवून बघू का? आणि सगळ्यात भारी बॅटर तिसराच हवा ना?

उत्तर: सगळ्या कशाला, आधी ऑन-बेस पर्सेंटेज (आउट न होता बेसवर पोचायचं प्रमाण) बघ, एक नंबर खाली गेलं की १६२ मॅचच्या सीझनमध्ये साधारण १८ वेळा बॅटिंग कमी मिळते, म्हणून जो आउट कमी होतो तो वर. नुसता पळतो जोरात म्हणून पहिला पाठवू नको.

उत्तर: पहिले दोघं आउट झाले की तिसरा येतो तेव्हा बेसवर कुणीच नसतं रे, डबल मारला (एका फटक्यात दुसऱ्या बेसवर पोचला) तरी रन नाही. भारी बॅटर दुसरा नाहीतर चौथा ठेव.

प्रश्नकर्ता: मागच्या मॅचला अगदी हेच झालं, आमचा तिसरा डबल मारून दुसऱ्या बेसवरच अडकला! दुसरा पाठवतो आता.