शेड बांधायची, की जनावर आपल्या माणसाजवळच राहील हे बघायचं?

गोडोलीकर:
साताऱ्यात आम्ही सात-आठ जण जखमी, आजारी कुत्र्या-मांजरांचं काम करतो. सध्या गटात एकच विषय पेटलाय. वर्गणी काढून गावाबाहेर जागा घ्यायची, पत्र्याची शेड मारायची आणि चाळीस कुत्री सांभाळायची. माझा विरोध आहे. तो इथे मांडतोय, कारण वर्गणी शेवटी तुमच्याच खिशातून येणार.

एका कुत्र्याच्या खाण्याला दिवसाला ५० रुपये धरा. चाळीस कुत्र्यांचे वर्षाला ७ लाख ३० हजार होतात. यात भाडं नाही, राखणदाराचा पगार नाही, औषधपाणी नाही. आणि चाळीस भरली की एकेचाळिसाव्याला दार बंद.

आता गेल्या पावसाळ्यातलं सांगतो. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी कुत्री सोडायला आल्या. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर बसवून रिक्षाने आणली होती. गोचिडं इतकी की कानाची आतली कातडी दिसेना, हिरड्या पांढऱ्याफटक, अंगात ताप. घरमालकाने बजावलं होतं, कुत्री घालवा नाहीतर खोली सोडा. मावशी पदराने तिच्या डोळ्यांची घाण पुसत होत्या आणि सारखं म्हणत होत्या, "खाते चांगली, त्रास नाही देत." रक्त तपासलं तर गोचीडताप. २८ दिवस डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या दिल्या, गोचिडांचं औषध दिलं, आणि आमच्यातली एक जण घरमालकाला भेटून आली. कुत्री आजही त्याच उंबऱ्यावर बसते. शेडमध्ये घेतली असती तर नुसत्या खाण्याचे वर्षाला १८,२५० गेले असते आणि मावशींची सोबत तुटली असती.

म्हणून पैसा दोनच ठिकाणी जावा. घरातलं जनावर घरात टिकवायला, आणि नसबंदीला. तीही भाद्रपदाच्या आधी. भाद्रपद उलटला की साधारण ६३ दिवसांनी गल्लोगल्ली पिल्लं दिसायला लागतात आणि आपण थंडीभर तीच उचलत बसतो.

वाढे फाटा:
मावशींना घर तरी होतं. मी डिसेंबरात हायवेवरून एक कुत्रं उचललं, ट्रकने कंबरेतून मोडलेलं. मागचे दोन्ही पाय फरफटत होते. अशा जनावराला लघवी आपली आपण होत नाही, दिवसातून तीन-चारदा पोट दाबून करवावी लागते. कूस बदलली नाही तर हाडांवर जखमा पडतात. मी आणि बायकोने कामाला दांड्या मारून अकरा दिवस केलं. तुमच्या गटाला फोन केला होता, "जागा नाही" म्हणाले. स्वस्तात होईल तेवढंच करायचं ठरवलं तर ज्याला सगळ्यात जास्त गरज, तेच आधी गळतं.

शाळेसमोरची आई:
तुम्हा दोघांनाही विचारते. माझ्या धाकट्याला शाळेच्या वाटेवर कुत्रं चावलं. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली, दवाखाना गाठला. रेबीजच्या लशीसाठी ०, ३, ७, २८ या दिवसांचे खेटे झाले. जखमेत टोचायचं सीरम पहिल्या ठिकाणी संपलेलं होतं, तसंच रडत्या पोराला घेऊन दुसरीकडे पळाले. तुमच्या हिशेबात चावलेल्या माणसासाठी काही धरलंय का? सुप्रीम कोर्टाने ७ नोव्हेंबर २०२५ ला सांगितलं, शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचला आणि परत तिथे सोडू नका. मग ठेवणार कुठे? शेड लागणारच.

गोडोलीकर:
ताई, काही धरलं नव्हतं. ते चुकलं. चावल्याचं कळलं की त्याच दिवशी घरी जायचं, सीरम कुठे आहे ते फोनवरून शोधायचं आणि गाडीने पोचवायचं, एवढं आम्ही करू शकतो.

कोर्टाने सांगितलेला निवारा मात्र नगरपालिकेने उभारायचा, तो वर्गणीतून नको. बाकी रस्त्यावरच्या कुत्र्यांना केंद्राचे २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू आहेत. नसबंदी करा, लस द्या, उचललं तिथेच सोडा. सुप्रीम कोर्टाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही पिसाळलेली, तसा संशय असलेली आणि अंगावर येणारी वगळता हेच आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ७० टक्के कुत्र्यांना लस झाली की रेबीजची साखळी तुटते. म्हणजे कुत्र्याच्या लशीचे पैसे तुमच्या पोरासाठीच खर्च होतात.

सांगलीकर:
ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या शेजारचे काका माडीवरून उतरेनात, कारण बोटीत कुत्रं घेत नव्हते. बोट दोनदा रिकामी गेली. तिसऱ्या खेपेला कुत्रं घेतलं, तेव्हा काका आले. जनावराला जागा दिली म्हणून माणूस वाचला, हे डोळ्यांनी पाहिलंय.

पण शेड नकोच. पुरानंतर आम्ही सापडलेली पिल्लं एका गोडाऊनमध्ये ठेवली आणि पार्व्हो शिरला. रक्ताची हगवण, तो वास अजून नाकात आहे. हा विषाणू जमिनीत महिनोन्महिने तग धरतो, साध्या फिनेलने मरत नाही. आता पिल्लं घरोघरी एक-दोन अशी वाटून ठेवतो.

वाढे फाटा:
पिल्लांचं मान्य. माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

गोडोलीकर:
पाच पिंजऱ्यांची एक खोली घेऊ. फक्त उपचार चालू असलेल्यांसाठी. मोठं ऑपरेशन असेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारायचं, गाडीभाडं गटाचं. बरं झालं की खोली रिकामी.

वाढे फाटा:
कंबरेतून मोडलेलं जनावर बरं होऊन जात नाही हो. अशी पाच आली की महिन्याभरात खोली भरली. माझं बाराव्या दिवशी गेलं, नाहीतर आजही माझ्याच पडवीत असतं. सहावं येईल त्या रात्री त्याच्यापाशी कोण बसणार, ते नाव आधी लिहा. मग मी वर्गणी देतो.

गोडोलीकर:
मार्चअखेरपर्यंत माझं लिहा. पोट दाबून लघवी कशी करवतात, ते मला येत नाही. या रविवारी तुमच्याकडे शिकायला येतो.