मदत हवी आहे: वर्डप्रेसवरची मराठी साइट ह्यूगोवर नेताना जुने पत्ते तुटतायत

कसबापेठ

जाणकारांनी कृपया वाट दाखवावी. पुण्यातले वाडे, देवळं, हौद आणि पेठांची माहिती देणारी साइट आहे. सध्या वर्डप्रेसवर, शेअर्ड होस्टिंगवर, सर्व्हर अपाची. 640 लेख आहेत, शीर्षकं आणि पत्ते दोन्ही देवनागरीत, पत्त्याची रचना वर्ष, महिना, नाव अशी. एरवी काही अडत नाही, पण गणपतीच्या दहा दिवसांत मानाच्या पाच गणपतींच्या पानावर गर्दी झाली की डेटाबेस मान टाकतो. लॉगिन नाही, खरेदी नाही, फक्त संपर्काचा एक फॉर्म आहे. एवढ्यासाठी दर पानाला डेटाबेस कशाला, म्हणून सगळी पानं आधीच तयार करून ठेवणारं ह्यूगो निवडलं.

निर्यातीची एक्सएमएल फाइल काढली, कन्व्हर्टरने मार्कडाउन (साध्या खुणा घातलेला मजकूर) केलं, साइट उभी राहिली. अडचणी तीन:

1. 640 पैकी 212 जुने पत्ते 404, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, देतात.
2. लेखांतले तक्ते आणि नकाशे गायब आहेत.
3. सकाळी 9 ची वेळ घालून लिहिलेला नवा लेख दुपारपर्यंत साइटवर येतच नाही.

मुठाकाठ

पत्त्यांचं आधी बघू, कारण बाकीचं नंतरही सुधारता येतं. पत्ते तुटले की लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या लिंका आणि गूगलमधली जागा दोन्ही जातात.

तुटलेले पत्ते लांब शीर्षकांचे आहेत का ते तपासा. वर्डप्रेस लेखाचं पत्त्यातलं नाव, म्हणजे स्लग, टक्क्याच्या खुणांत (%E0 अशा) बदलून ठेवतं आणि त्याला जागा फक्त 200 चिन्हांची असते. देवनागरीचं एकेक चिन्ह त्या रूपात 9 जागा खातं. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणजे साधारण 22 चिन्हांनंतर नाव कापलं जातं. उदाहरणार्थ ‘तुळशीबागेतल्या राममंदिराचे शिखर’ या शीर्षकाचा स्लग ‘तुळशीबागेतल्या-राममंदिर’ इथेच थांबतो: 22 चिन्हांचे 198 आणि आडव्या रेघेचा 1, एकूण 199. ह्यूगोला स्लग दिला नाही तर ते अख्ख्या शीर्षकावरून पत्ता बनवतं. म्हणून छोटी शीर्षकं जुळली, मोठी तुटली.

उपाय: एक्सएमएलमध्ये प्रत्येक लेखाखाली ‘पोस्ट नेम’ असा घटक असतो. तो उचला, टक्क्यांच्या खुणा उलगडून साधी देवनागरी करा आणि प्रत्येक मार्कडाउन फाइलच्या डोक्यावर स्लग म्हणून घाला. न उलगडता घालू नका, नाहीतर टक्क्याची खूण नावाचाच भाग होते आणि पत्ता पुन्हा जुळत नाही. 640 फाइलींना हाताने करण्याचं काम नव्हे, पायथनच्या पंचवीसेक ओळींत होतं.

शिवाय पत्त्यातले उच्चारचिन्ह काढण्याची सेटिंग ह्यूगोत असते, ती बंदच ठेवा. मुळात ती फ्रेंचसारख्या भाषांसाठी आहे. देवनागरीत ती उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त खाऊन टाकते.

पर्वतीपायथा

दुसरी अडचण: ह्यूगोचा मार्कडाउन वाचणारा भाग, गोल्डमार्क, लेखातलं कच्चं एचटीएमएल मुळात वगळतो. वर्डप्रेसमधून आलेले तक्ते आणि नकाशाच्या चौकटी कच्च्या एचटीएमएलमध्येच असतात. सेटिंगमध्ये गोल्डमार्कच्या रेंडररखाली ‘अनसेफ’ चालू करा. नाव भीतिदायक आहे, पण मजकूर तुमचाच असेल तर धोका नाही.

फोटोंच्या गॅलरीही उघडून बघा. चौकोनी कंसातला गॅलरीचा शॉर्टकोड तसाच अक्षरात छापला गेला असेल. त्यात फक्त फोटोंचे क्रमांक असतात. कुठला क्रमांक कुठली फाइल, हे एक्सएमएलमधल्या अटॅचमेंटच्या नोंदींत सापडतं. खुद्द फोटो एक्सएमएलमध्ये नसतात. सर्व्हरवरचं अख्खं अपलोड्स फोल्डर त्याच्या वरच्या फोल्डरच्या नावासकट ह्यूगोच्या स्टॅटिक फोल्डरात ठेवा, त्यातलं सगळं जसंच्या तसं साइटवर जातं, म्हणजे एकाही फोटोचा पत्ता बदलणार नाही. नावापुढे 300 गुणिले 225 वगैरे लिहिलेल्या छोट्या प्रती फालतू समजून उडवू नका, लेखांत बहुधा त्याच लावलेल्या असतात.

तिसरी: तारखेला वेळक्षेत्र दिलेलं नसलं की ह्यूगो ती वेळ यूटीसी, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेली ग्रीनिच वेळ, समजतं. तुमचे सकाळचे 9 त्याच्या लेखी आपल्याकडचे दुपारचे अडीच, आणि पुढच्या वेळेचा लेख ते बिल्डमध्ये, म्हणजे पानं तयार करताना, घेतच नाही. सेटिंगमध्ये टाइमझोन आशिया/कोलकाता करा.

कसबापेठ

तिन्ही उपाय केले. तक्ते, नकाशे आले, नवा लेख लगेच दिसतो. 404 आता 212 वरून 14 वर. हे 14 लेख महिन्याच्या 1 तारखेला मध्यरात्री आपोआप प्रसिद्ध होतील असे लावलेले होते. जुना पत्ता 2019/09, ह्यूगोचा 2019/08. स्लग बरोबर आहे.

पर्वतीपायथा

तेच साडेपाच तास. कन्व्हर्टरने एक्सएमएलमधली ‘पब डेट’ घेतली आहे, ती ग्रीनिच वेळेची असते. 1 सप्टेंबरची रात्रीची 12 ची वेळ तिथे 31 ऑगस्ट, संध्याकाळी साडेसहा. त्याऐवजी ‘पोस्ट डेट’ घ्या, ती स्थानिक असते, आणि शेवटी अधिक 05:30 जोडा. हे 640 लेखांना करा, फक्त 14 ना नको.

नळस्टॉप

एक विचारतो: लेख कोण लिहितं? तुम्ही एकटेच असाल तर प्रश्न नाही. पण ज्येष्ठ मंडळी वर्डप्रेसच्या पडद्यावर थेट टाइप करत असतील तर त्यांना गिट (फाइलींतले बदल नोंदवणारं साधन) आणि मार्कडाउन शिकवत बसू नका, ती लिहायचं सोडतील. तसं असेल तर वर्डप्रेस आतल्या वापरापुरतं कुलूपबंद ठेवून त्यातून ह्यूगो बिल्ड करा. काम थोडं वाढतं, माणसं टिकतात.

फॉर्मसाठी एक छोटी पीएचपी फाइल पुरते. तीही स्टॅटिक फोल्डरातच ठेवा. सर्व्हरवरच्या जास्तीच्या फाइली पुसणारं सिंक लावलंत तर बाहेर ठेवलेली फाइल पहिल्याच अपलोडला उडेल.

कसबापेठ

लिहिणारे तिघं आहोत, तिघांनाही मार्कडाउन जमतं. पत्ते 640 पैकी 640 जुळले! चढवताना काय सांभाळू?

मुठाकाठ

होस्टिंग तेच ठेवणार असाल तर डीएनएसला, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं त्या नोंदींना, हात लावू नका, मेलही सुरक्षित राहील. आधी फाइली आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप घरी उतरवा. मग वर्डप्रेसची इंडेक्स डॉट पीएचपी काढा, नाहीतर सर्व्हर इंडेक्स डॉट एचटीएमएलच्या आधी तीच उचलू शकतो. एचटीअ‍ॅक्सेस फाइलमधले वर्डप्रेसचे नियमही काढा आणि तिथे 301, म्हणजे कायमचा पत्ताबदल, घाला: जुना फीडचा पत्ता ह्यूगोच्या इंडेक्स डॉट एक्सएमएलकडे, आणि एकवचनी ‘कॅटेगरी’, ‘टॅग’ ह्यूगोच्या अनेकवचनी पत्त्यांकडे. ह्यूगोचे एलियस यासाठी वापरू नका, ते 301 देत नाहीत, ब्राउझरला पुढे ढकलणारं पान बनवतात. या फाइलीत पत्ते सरळ देवनागरीत लिहा, अपाची टक्के उलगडूनच तुलना करतो. फाइल यूटीएफ-8 मध्ये, पण बीओएमशिवाय (फाइलीच्या सुरुवातीची अदृश्य खूण) साठवा. बीओएम राहिला तर सगळी साइट 500, म्हणजे सर्व्हरची चूक, देते.

बिल्डआधी पब्लिक फोल्डर रिकामं करा, ह्यूगो जुनी पानं स्वतःहून पुसत नाही. आणि चढवल्यावर एक्सएमएलमधल्या 640 लिंकांची यादी कर्लने (पत्ते उघडून बघणारी आज्ञा) पुन्हा एकदा फिरवा, या वेळी खऱ्या डोमेनवर.