'खाडीकाठचं गाव': ना खाडी, ना गाव?

हिमाद्रीवर एक टिपण लिहितेय, म्हणजे नॉर्वेच्या स्वालबार्डमधलं आपलं संशोधन केंद्र, २००८ ला सुरू झालं, गोव्यात वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडून चालवतात ते. ते जिथे आहे त्या जागेबद्दल पहिलंच वाक्य केलं, 'नी-ओलेसुन हे कोंग्स खाडीच्या दक्षिण काठावरचं चिमुकलं गाव'. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला खाडी म्हटलं की मला ठाण्याची खाडी दिसते, वासासकट. मूळ नाव कोंग्सफ्योर्ड, मग फ्योर्डला मराठीत म्हणायचं काय? आखात चालेल?

> आखात चालेल?

आखात नको हो, ते खंबातचं, इराणचं, फार मोठं प्रकरण. आणि खाडी पण नकोच. मी दाभोळकडचा, आमची खाडी म्हणजे वाशिष्ठीच्या तोंडातून समुद्र आत शिरलेला, भरतीला पाणी वर चढतं, ओहोटीला चिखल उघडा, कडेने कांदळवन आणि गाळ तर विचारूच नका. फ्योर्ड हिमनदीने कोरलेला असतो, बर्फ मागे सरकला आणि त्या दरीत समुद्र आला, म्हणून खोली भयानक. नॉर्वेचा सोंग्ने फ्योर्ड १३०० मीटर आहे! आमच्याकडे ओहोटीला होडी टेकते.

'हिमखाडी' कशी वाटते? मी वापरलाय एकदा.

हिमखाडी ऐकायला छान, पण वाचणाऱ्याला वाटणार गोठलेली खाडी, आणि गंमत म्हणजे कोंग्सफ्योर्ड हल्ली बऱ्याच हिवाळ्यांत धड गोठतच नाही. स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्याने अटलांटिकचं कोमट पाणी वर येतं, आणि बऱ्याच फ्योर्डच्या तोंडाशी जो उथळ उंबरठा असतो तो इथे नीटसा नाहीच, त्यामुळे ते पाणी सरळ आत येतं. हिमनद्या आहेत त्या आतल्या टोकाला. फ्योर्डच ठेवा, आपण त्सुनामी नाही का घेतला.

अवांतर, 'ओलेसुन' मधला शेवटचा 'सुन' म्हणजे सुंड, सामुद्रधुनी. पण इथे सामुद्रधुनी शोधू नका, 'नी' म्हणजे नवं, नॉर्वेत खाली ओलेसुन नावाचं शहर आहे तिथल्या कंपनीने इथे कोळशाची खाण काढली म्हणून हे नवं ओलेसुन. म्हणजे नाव भूगोलाचं, पण दुसऱ्याच गावच्या भूगोलाचं.

माझी हरकत 'गाव' ला आहे. १९६२ च्या स्फोटात २१ माणसं गेली, त्यानंतर खाण बंद, आता सगळे संशोधक आणि त्यांची सोय बघणारे. हिवाळ्यात ३०-४० डोकी, उन्हाळ्यात शंभरच्या वर, घरं कंपनीची, पिढ्यानपिढ्या राहणारं कोणी नाही. गावाला निदान चार म्हातारे लागतात. वस्ती म्हणा.

वस्ती म्हटलं की वाडी-वस्ती, पाडा असं नाही वाटत?

वाटू दे की. आणि एसटीची वस्तीची गाडी आठवा, रात्री मुक्कामाला येते, सकाळी परत जाते. इथली माणसं तशीच, फक्त रात्र ऑक्टोबरअखेर सुरू होते ती फेब्रुवारीत संपते.

हे भारीच! मग 'कोंग्सफ्योर्डच्या दक्षिण काठावरची वस्ती, ७८ अंश ५५ मिनिटं उत्तर' असं करते. 'चिमुकली' काढू का ठेवू?

काढा.